झडप आणि शतपावली

हृदयरोगाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी रक्तवाहिन्यांविषयी असते. कोलेस्टेरॉल, ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी, बायपास हे शब्द आता वैद्यकीय राहिलेले नाहीत, घरगुती झाले आहेत. डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने तर या अनुभवाला आत्मकथनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु हृदयाची झडप निकामी होणे, ती दुरुस्त करणे वा बदलणे, आणि त्यानंतरचे उतारवय हिंडत-फिरत काढणे हा विषय आपल्या लेखनात, आमच्या वाचनापुरते बोलायचे तर, जवळजवळ नाहीच. गिरगाव-लालबागच्या चाळीत कुणाची झडप बदलली तरी शेजारी 'त्यांची बायपास झाली' असेच सांगतात. नाव चुकल्याने आकाश कोसळत नाही हे खरे; पण त्या चुकीच्या नावामागोमाग चुकीचे सल्ले येतात, आणि त्या सल्ल्यांचा सारांश एका क्रियापदात मावतो: बसा.

या 'बसा'विषयी आम्हांला लिहायचे आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रुग्णाला बसवून ठेवण्याचे काम वैद्यकशास्त्राने केव्हाच सोडून दिले. ते आता आपली भाषा, आपली नाती आणि आपले शहर मिळून करतात. आणि भाषा, नाती व शहर हे तिन्ही विषय साहित्याच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात येतात, म्हणून हे लिहिणे इथे अस्थानी ठरू नये.

झडप हा शब्द मोठा मौजेचा आहे. ससाणा झडप घालतो, भूत माणसाला झडपते, जुन्या खिडकीला झडप असते. मुंबईकराला ती आणखी एका जागी ठाऊक आहे, फक्त तो तिला त्या नावाने ओळखत नाही. महापालिकेच्या पाणीखात्याचा चावीवाला रस्त्यातल्या झाकणाखाली लांब दांडी घालून फिरवतो आणि त्या वस्तीच्या नळांना पाणी येते. तो फिरवतो ती झडपच. हृदयात अशा चार झडपा आहेत आणि त्यांचे काम एवढेच, की रक्ताने एकाच दिशेने जावे. झडप अरुंद झाली तर मागे दाब साठतो, नीट मिटली नाही तर गळती होते. दोन्हींत माणसाला धाप लागते, पाय सुजतात, जिना चढवत नाही. पुष्कळदा हे इतके सावकाश होते की माणूस आपली चाल त्या बेताने आखडत नेतो आणि 'वय झाले' म्हणतो. शस्त्रक्रियेच्या आधीच कित्येक वर्षे तो बसलेला असतो, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

या रोगाला भूगोल आहे आणि वर्गही आहे. आपल्याकडे झडपा निकामी होण्याचे एक जुने आणि मोठे कारण संधिवाती ताप हे आहे. लहानपणी घशाला एका विशिष्ट जंतूचा संसर्ग होतो, काही मुलांत त्यातून ताप येतो आणि सांधे दुखतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून हृदयाच्या झडपांवरच उलटते. व्रण धरतात, आणि त्यांचे परिणाम दहा, वीस, तीस वर्षांनी दिसतात. हा संसर्ग गर्दीत वाढतो. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत सहा-आठ माणसे, एका खोकल्याचे सर्वांत वाटप. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या या मापाच्या होत्या, आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपायच्या जागाही पाळीने वापरणारे गाळे गिरणगावात होते. ज्या गिरणगावाची कामगार चळवळ, तमाशे, लोकनाट्ये यांवर आपण प्रबंध लिहिले, त्याच्या खोल्यांची रुंदी काही जणांच्या हृदयात कोरली गेली, हे मात्र आपल्या प्रबंधांत आले नाही.

त्याच गिरणगावाच्या मध्यभागी १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उभे राहिले. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथे भारतातले पहिले हृदयारोपण केले, हे बऱ्याच जणांना माहीत असते; दक्षिण आफ्रिकेतल्या बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला. इतिहास अशा घटना लक्षात ठेवतो. पण सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आधीपासून केलेले झडपांचे काम आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. हृदय चालू असतानाच, हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय, बोटाने वा साध्या उपकरणाने अरुंद झालेली मायट्रल झडप मोकळी करायची, अशी ती शस्त्रक्रिया होती. १९६०पासून कृत्रिम झडपा आल्या. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली, कलत्या तबकडीची देशी झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि परदेशी झडपेच्या मानाने खर्च पुष्कळ खाली आला. २००२ मध्ये फ्रान्समध्ये ॲलेन क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन महाधमनीची झडप बसवली. आज सत्तरी-पंचाहत्तरीत कॅल्शियम साठून ताठ झालेल्या झडपेवर हा उपाय मुंबईत होतो; ज्यांच्या खिशाला तो परवडतो त्यांच्यावर अधिक होतो.

म्हणजे आज दादर-परळच्या परिसरात झडप बदललेली वृद्ध माणसे दोन प्रकारची आहेत. एक, तरुणपणी संधिवाती तापाने गाठलेली, तिशी-चाळिशीत शस्त्रक्रिया झालेली, आता सत्तरीकडे झुकलेली. दुसरी, आयुष्यभर धडधाकट राहून उतारवयात झडप ताठरलेली. पहिल्या प्रकारातल्या माणसाला आपण आजारी आहोत याची सवय असते. दुसऱ्याला ती नसते आणि तोच अधिक घाबरतो.

आता विश्रांतीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार-चार, सहा-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा तो मोठा धाडसी विचार मानला गेला. थोडक्यात, 'बसा' हा एके काळी क्रांतिकारक सल्ला होता, पण 'निजा'च्या तुलनेत. आपण तो सल्ला तेवढा उचलला आणि पुढचे पान उलटायचे विसरलो. पुढचे पान १९६६ सालचे आहे. अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले आणि त्यांची श्रम करण्याची ताकद मोजण्यात आली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले गेले. त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या ताकदीची जी हानी केली होती ती नंतरच्या तीस वर्षांनी केलेल्या हानीपेक्षा अधिक होती. पाच माणसांवरून सिद्धान्त मांडू नये हे आम्हांला मान्य आहे. पण 'थोडे दिवस पडून राहिल्याने काय बिघडते' असे म्हणणाऱ्याला सांगायला हा प्रयोग पुरेसा आहे.

विश्रांतीच्या बाजूनेही केईएममधलेच एक काम सांगण्याजोगे आहे. डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून १९६९ मध्ये तो निबंधरूपाने प्रसिद्ध केला. तिथले शवासन म्हणजे आडवे होऊन पंखा बघणे नव्हे. श्वासाची लय शिकायची, तिच्याकडे लक्ष ठेवायचे, रोज ठरावीक वेळ सराव करायचा. विश्रांतीलाही तालीम लागते असे मानणारे ते काम होते. आपल्या घरांतली विश्रांती ही तालीम नसते. ती केवळ हालचालीची बंदी असते, आणि ती प्रेमाने घातलेली असल्यामुळे मोडताही येत नाही.

मराठीत हालचालीचे शब्द किती आहेत ते पाहावे. पाय मोकळे करणे, फेरफटका, हिंडणे-फिरणे, शतपावली. शतपावलीत तर मोजमापही आले. 'हातपाय चालताहेत तोवर' हे म्हाताऱ्या माणसांचे आवडते वाक्य. त्यात चालणे आणि जगणे एकाच श्वासात येतात. धड चालता-बोलता माणूस असावा, अंथरूण धरू नये, ही आपली सुखान्ताची कल्पना. मग शस्त्रक्रियेनंतर हे सगळे शब्द कुठे जातात? तेव्हा दुसराच कोश उघडतो. जपून राहा, दगदग करू नका, धावपळ नको, आता आमच्यावर सोडा, झाले तेवढे पुष्कळ झाले. या कोशातले प्रत्येक वाक्य मायेचे आहे, आणि प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला एकेक इंच खुर्चीत खोल बसवते. शिवाय एक गोची अशी, की 'बसून खाणे' ही आपल्याकडे शिवी आहे. गिरणीत तीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला माणूस १९८२च्या संपानंतर घरी बसला तेव्हा त्याला या शिवीची धार कळलीच होती. आता तेच बसणे त्याला आजारपणाचा मान म्हणून देऊ केले जाते. तो ते नाकारू शकत नाही आणि त्यात सुखावूही शकत नाही.

आमच्या साहित्यानेही यात हातभार लावला आहे. मराठी नाटकातले म्हातारपण आठवून पाहावे. 'नटसम्राट'मधले बेलवलकर घर सोडून रस्त्यावर येतात. वृद्धाचे चालणे तिथे बेघर होण्याची खूण आहे. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी घरातच वाट पाहतात; वृद्धाचे थांबणे तिथे एकाकीपणाची खूण आहे. दोन्ही नाटके थोर आहेत याविषयी वाद नाही. पण घराबाहेर पडून, चार फेऱ्या मारून, घाम पुसत घरी परत येणारा वृद्ध आम्हांला मराठी रंगभूमीवर फारसा भेटत नाही. मध्यमवर्गीय ललित लेखनात शरीराची निगा हा तर विनोदाचाच विषय. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' वाचताना आपण इतके हसलो आहोत की वजनाचा काटा ही वस्तूच आपल्याला गंभीरपणे घेता येत नाही. (गिरगाव चौपाटीवरच्या नाना-नानी पार्कचे नाव अर्थातच नात्यांवरून आले, तरी तिथल्या बाकांवरची जोडपी पाहून दळवींचे नाटक आठवते, याला इलाज नाही.)

वृद्धाच्या चालण्याला आपल्याकडे निरपवाद मान्यता आहे ती एकाच कारणासाठी: देव. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालणाऱ्या पासष्टीच्या माउलीला कुणी 'जपून राहा' म्हणत नाही. तिच्या पाया पडतात. अंगारकीच्या आदल्या रात्री लालबाग-परळहून अनवाणी सिद्धिविनायकाला जाणाऱ्या वृद्धांनाही कुणी अडवत नाही. तोच माणूस कॅनव्हासचे बूट घालून 'जरा चालून येतो' म्हणाला की घरात वाद सुरू होतो. चालण्याचे फळ स्वतःला मिळणार असेल तर ते आपल्याला थोडे स्वार्थी वाटते की काय, अशी आम्हांला शंका आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने अनवाणी चालू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. भक्तीला त्याने बाध येत नाही.

मग प्रत्यक्षात काय करायचे असते? गुंतागुंत नसेल तर रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच खाटेवरून उठवतात, वॉर्डात चालवतात, आणि घरी सोडण्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी फिजिओथेरपिस्ट जिन्याच्या काही पायऱ्या चढवून पाहतो. छाती उघडली असेल तर मधले हाड सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचे नाही, हातांच्या जोरावर अंग उचलायचे नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून असते: आधी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चारदा, मग हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत. वेगाचे माप असे, की चालता चालता शेजारच्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. छातीत दुखले, भोवळ आली, धडधड अनियमित झाली, पाय सुजू लागले, दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले, किंवा ताप आला, तर थांबायचे आणि डॉक्टरांना गाठायचे. कृत्रिम झडपेवर जंतू बसणे ही गंभीर गोष्ट असते, म्हणून तापाकडे आणि दातांच्या स्वच्छतेकडेही लक्ष हवे. पुढे काही महिन्यांनी श्वास रोखून वजने उचलणे, जोर-बैठका, धक्काबुक्कीचे खेळ एवढे वगळता बरेचसे काही करता येते. कुणाला किती, हे त्याच्या हृदयाची ताकद पाहून त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

या उपदेशाचा पुरावा किती भक्कम आहे हेही सांगायला हवे. डेन्मार्कमध्ये झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या १४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आखलेल्या व्यायामाने शरीराची क्षमता चार महिन्यांत वाढली. पण रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या मानसिक स्वास्थ्यात फरक पडला नाही. आयुष्य किती वाढते हे अशा लहान चाचण्यांतून ठरत नाही. आमच्या दृष्टीने त्यातला दुसरा निष्कर्षच अधिक बोलका आहे. दमसास वाढतो, भीती तशीच राहते. यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रात्री शांततेत तिची टिकटिक ऐकू येते, काहींच्या शेजारी झोपणाऱ्यालाही येते. त्या आवाजाशी समेट कसा करावा हे फिजिओथेरपी सांगत नाही. तिथे आत्मकथन लागते, कादंबरी लागते, आणि ती आपल्याकडे लिहिली गेलेली नाही.

चाळ ही या बाबतीत शत्रू आहे की मित्र, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. श्वासाची क्षमता मोजायची एक साधी चाचणी आहे: सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते पाहायचे. तिच्यासाठी सुमारे तीस मीटर लांबीचा, सपाट, अडथळे नसलेला मार्ग लागतो. चाळीची गॅलरी हा याहून वेगळा काय असतो? पावसाळ्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, रस्त्यावर खोदकाम चालू असताना गॅलरीत फेऱ्या मारता येतात. दर चार पावलांवर टेकायला कठडा, दर दारात ओळखीचा माणूस, भोवळ आली तर आठ हात पुढे होणार. दक्षिण मुंबईतल्या महागड्या रुग्णालयांना असा मार्ग बांधावा लागतो. गिरगावात लाकडी जिन्याच्या त्याच पायऱ्या वर्षानुवर्षे चढून-उतरून अनेक म्हाताऱ्यांच्या पायांत जी ताकद राहिली आहे ती लिफ्टच्या इमारतीत गेल्यावर किती टिकेल, अशी शंका येते. वरळीच्या बीडीडी चाळींतली पहिली ५५६ कुटुंबे ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या मनोऱ्यांत गेली. पाचशे चौरस फुटांचे घर आणि घरातच संडास मिळाल्याचा त्यांचा आनंद शंभर टक्के खरा आहे, आणि आम्ही कुणालाही एकशेसाठ फुटांत परत पाठवू इच्छीत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहाटे गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासात, उकिडवे बसण्याची वेळ ज्याच्यावर आली त्याच्यापुढे चाळीचे गोडवे गाणे हा अपराध आहे. एवढेच म्हणायचे आहे, की मनोऱ्यात गॅलरी नसते; असतो तो दारांमधला आखूड बोळ, आणि दारे बंद असतात.

चाळीत खरी कोंडी होते ती बाईची. मायट्रल झडप अरुंद होण्याचा रोग बायकांत अधिक आढळतो, आणि पुष्कळदा तो पहिल्यांदा उघडकीला येतो बाळंतपणात, दम लागू लागतो तेव्हा. अशी बाई शस्त्रक्रियेनंतर घरी येते. तिला 'बाहेर फिरायला जाऊ नकोस' असे सांगितले जाते, आणि त्याच घरात पंधरा दिवसांत नळावरून भरलेली कळशी तिच्याच कमरेवर येते. भरलेला हंडा पंधरा-वीस किलोंचा सहज असतो. जे उचलू नये ते ती उचलते, जे चालावे ते चालत नाही. पुरुष 'पाय मोकळे करून येतो' असे म्हणून चप्पल घालतो. बाईला भाजी, देऊळ, नातवाची शाळा असे काहीतरी निमित्त लागते. निर्हेतुक चालणे तिला चाळीच्या नजरेत शोभत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे बूट घालून झपझप चालणाऱ्या साठीच्या बायका पाहिल्या म्हणजे दादर आणि लालबाग यांत रेल्वेच्या अंतराहून अधिक अंतर आहे हे कळते. घरकाम हाच व्यायाम, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर हे, की घरकामात थांबायची मुभा नसते. व्यायामात ती असते, आणि झडप बदललेल्या माणसाला तीच सर्वांत आधी लागते.

श्रम आणि व्यायाम यांतल्या या फरकाला एक प्रसिद्ध आधार आहे. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या चालक आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत असे. व्यायामाच्या सगळ्या उपदेशाचे मूळ इथे सापडते. पण त्याच मॉरिसनी १९५६ मध्ये गणवेशांची मापे तपासली आणि चालकांच्या विजारी नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेत मोठ्या होत्या असे दाखवून आपल्याच निष्कर्षाला मुरड घातली. हा प्रामाणिकपणा आमच्या समीक्षकांनी अनुकरण करण्याजोगा आहे. (आपल्या बेस्टच्या दुमजली बसमध्ये खाली एक आणि वर एक असे दोन वाहक असत, मॉरिस मुंबईत आले असते तर त्यांचा हिशेब थोडा बिघडला असता.)

दुसऱ्या टोकाचाही आम्हांला तितकाच कंटाळा आहे. मिक जॅगरची झडप एप्रिल २०१९ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी बदलली आणि जूनमध्ये तो शिकागोच्या मंचावर नाचत होता. बातमी खरी आहे. तिचा उपयोग परळच्या निवृत्त कामगाराला हिणवण्यासाठी करू नये. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या ज्येष्ठांच्या धावेत नऊवारी नेसून धावणाऱ्या आजींची छायाचित्रे छापून येतात आणि जणू प्रश्न इच्छाशक्तीचाच आहे असे वातावरण तयार होते. चालायला इच्छा लागते, तशी फूटपाथही लागते.

आणि इथे फूटपाथ ही वैद्यकीय वस्तू होते. यांत्रिक झडप बसवली की रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते, ठरावीक काळाने आयएनआर तपासावा लागतो, पालेभाजी बंद नव्हे पण रोज सारख्या बेताने खावी लागते. अशा माणसाचा पाय उखडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये अडकून तो डोक्यावर पडला तर इतरांना जिथे टेंगूळ येते तिथे याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्याच्या घरचे त्याला बाहेर सोडत नाहीत. त्यांची भीती अडाणीपणाची आहे असे म्हणायची आमची हिंमत नाही. दादरला रानडे रोडवर सायंकाळी सहा वाजता, लालबागला चिवडा गल्लीच्या तोंडाशी सणाच्या आदल्या दिवशी, किंवा गणपतीच्या दहा दिवसांत लालबागच्या कुठल्याही रस्त्यावर सत्तरीच्या हृदयरुग्णाने चालून दाखवावे. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. ती चालतच होती. सप्टेंबर २०२५ मध्ये परळ आणि प्रभादेवी जोडणारा जुना रस्त्याचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, आणि पश्चिमेकडून केईएमला तपासणीसाठी चालत येणाऱ्यांचा रस्ता लांबला.

गिरणगावाला उद्याने मिळायची होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाप्रमाणे विकायला निघालेल्या गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेकडे आणि तितकाच घरांसाठी जायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यास विरोध केला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये गिरणीमालकांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या साहित्यात गिरण्यांच्या ऱ्हासावर जे लिहिले गेले ते नोकऱ्या, घरे आणि भोंगा यांविषयी आहे, आणि ते योग्यच आहे. पण गेलेल्या जमिनीत चालण्याच्या वाटाही होत्या. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आता मॉल आहे. तिथली फरशी गुळगुळीत, सपाट, वातानुकूलित, आणि बाके भरपूर. पडायची भीती नाही, पाऊस नाही. झडप बदललेल्या माणसाला चालायला याहून चांगली जागा आसपास क्वचितच सापडेल, फक्त त्याची चालायची वेळ सकाळी सहाची असते आणि मॉलचे दार उघडते ते अकराच्या सुमारास.